मार्सेलिसची उडी माहितेय, पण मार्सेलिस? ऱ्होन नदीच्या मुखांची गोष्ट

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे त्याचं लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये भरकटलो होतो, ते बरंचसं तसंच ठेवलंय.

एक सोपा प्रश्न. सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी मारली ती कुठे? कुठल्याही मराठी शाळेत विचारा, अख्खा वर्ग एका सुरात ओरडेल, "मार्सेलिस!" बरं, मार्सेलिस कुठे आहे? फ्रान्समध्ये. फ्रान्समध्ये नेमकं कुठे? शेजारी काय आहे? पाऊस किती पडतो? लोक पाणी कुठलं पितात? इथे वर्ग शांत. एवढं प्रसिद्ध गाव आणि आपल्याला त्याची फक्त एक खिडकी माहीत आहे, तीही बोटीची.

तर आज त्या बंदराच्या मागची जमीन बघू. फ्रेंच लोक या शहराला मार्सेय म्हणतात, म्हणून पुढे मीही मार्सेय म्हणेन. ज्या डिपार्टमेंटमध्ये ते येतं त्याचं नाव बूश-द्यु-ऱ्होन, म्हणजे शब्दशः 'ऱ्होनची मुखं'. डिपार्टमेंट म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. १७९० मध्ये क्रांतीच्या सरकारनं जुने राजेशाही प्रांत मोडून फ्रान्सचे नव्यानं तुकडे केले आणि त्यांना मुद्दाम नद्यांची, डोंगरांची नावं दिली. 'प्रोव्हान्स' या नावात जुने राजे, सरदार, मानपान सगळं चिकटलेलं होतं. नदीला कुठलं घराणं? वर्णक्रमानं याचा नंबर लागला १३. आजही पोस्टाचा कोड १३ नं सुरू होतो आणि मार्सेयचे रॅपर गाण्यांत हा आकडा अभिमानानं मिरवतात.

आकार म्हणाल तर सुमारे ५,०८७ चौरस किलोमीटर, आपल्या पुणे जिल्ह्याचा जेमतेम एक तृतीयांश. लोकसंख्या २० लाखांच्या वर. एवढ्याशा तुकड्यात दलदल आहे, दगडांचं माळरान आहे, पांढऱ्या चुनखडीचे कडे आहेत, खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे आणि फ्रान्समधलं दुसऱ्या नंबरचं शहर आहे.

आता नावातच गंमत आहे. ऱ्होन नदीची मुखं म्हटल्यावर वाटेल की मोठं बंदर त्या मुखावरच असणार. पण मार्सेय ऱ्होनच्या मुखावर नाहीच. ते पूर्वेला बऱ्यापैकी लांब आहे. का?

कारण गाळ. ऱ्होन स्वित्झर्लंडमधल्या आल्प्सच्या हिमनदीतून निघते आणि येताना प्रचंड माती घेऊन येते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. आपल्याकडे कोकणात दिवसातून दोनदा समुद्र खाडीचं तोंड धुऊन काढतो, तसं तिथे होत नाही. गाळ मुखाशीच साचतो, जमीन पुढे सरकते, जहाजं रुततात. आणि या किनाऱ्यालगत समुद्राचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, म्हणजे ऱ्होनचा गाळ मार्सेयपासून दूर वाहून जातो. इसवीसनापूर्वी ६०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या फोकाया गावातून ग्रीक व्यापारी आले आणि त्यांनी नदीच्या तोंडावर न बसता खडकांमधली एक खोल, वाऱ्यापासून आडोसा असलेली खाच निवडली. तेच आजचं 'जुनं बंदर', व्यू पोर. नदीचा व्यापार मिळावा इतकं जवळ, पण नदीचा चिखल मिळू नये इतकं लांब. २,६०० वर्षं टिकलेला निर्णय आहे हा. आमच्या क्षेत्रात २ वर्षं टिकला तरी पार्टी देतात.

रोमन सेनापती मारियसला इसवीसनापूर्वी १०२ च्या आसपास सैन्याला रसद आणायची होती आणि ऱ्होनचं तोंड गाळानं बुजलेलं. त्यानं सैनिकांकडून समुद्रापासून नदीपर्यंत कालवा खणून घेतला. लॅटिनमध्ये खंदकाला 'फोसा'. तिथल्या गावाचं नाव आजही फोस आहे, आणि १९६० च्या दशकात फ्रान्सनं आपलं प्रचंड मोठं औद्योगिक बंदर त्याच फोसला बांधलं. पोलाद, तेल, कंटेनर, सगळं तिथे.

या डिपार्टमेंटचा इतिहास म्हणजे तीन शहरांची भाऊबंदकी आहे. आर्ल, एक्स आणि मार्सेय.

आर्ल नदीवर. तिथेच ऱ्होन दोन फाट्यांत फुटते, थोरली ऱ्होन आणि धाकटी ऱ्होन. इसवीसनापूर्वी ४९ मध्ये सीझर आणि पॉम्पे यांचं भांडण पेटलं तेव्हा मार्सेयनं पॉम्पेची बाजू घेतली. सीझरनं शहराला वेढा घातला आणि वेढ्यासाठी लागणारी १२ जहाजं आर्लमध्ये बांधून घेतली, ३० दिवसांत. मार्सेय हरलं, त्याचा बराचसा मुलूख गेला. आर्ल रोमन वसाहत झालं, श्रीमंत झालं. पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं तिथलं अ‍ॅम्फिथिएटर आजही उभं आहे, सुमारे २० हजार माणसं बसायची. मध्ययुगात लोकांनी त्याच्या आतच घरं बांधली, दोनशेच्या आसपास. भिंत आयती, कशाला सोडा! आजही तिथे बैलांचे खेळ होतात.

आर्लची जागा नदीवर, तर तिचं नशीबही नदीचं. १८४० च्या दशकाच्या शेवटी आव्हिन्यों ते मार्सेय रेल्वे झाली आणि नदीतून माल नेण्याचं कारणच संपलं. होड्या बंद, नावाडी बेकार. विन्सेंट व्हॅन गॉग १८८८ मध्ये आला तो या उतरत्या आर्लमध्ये, आगगाडीनंच. क्षेत्रफळानं मात्र युरोपातल्या फ्रान्समधली ही सगळ्यात मोठी नगरपालिका आहे, सुमारे ७५९ चौरस किलोमीटर. म्हणजे बृहन्मुंबईहून मोठी. आणि माणसं? ५० हजारांच्या आसपास. बाकी सगळं भात, मीठ, गवत, घोडे आणि डास.

एक्स-आं-प्रोव्हान्स म्हणजे जुन्या राजधानीचा तोरा. इसवीसनापूर्वी १२२ मध्ये रोमन लोकांनी गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी वसवलं. १४०९ मध्ये विद्यापीठ, १५०१ मध्ये प्रोव्हान्सचं पार्लमां, म्हणजे वरिष्ठ न्यायालय. वकील, सरदार, कारंजी. १७९० मध्ये डिपार्टमेंटचं मुख्यालयही एक्सलाच मिळालं, पण १८०० मध्ये ते मार्सेयला गेलं. अपील कोर्ट मात्र एक्सनं आजपर्यंत सोडलेलं नाही. मार्सेयच्या माणसाला अपिलासाठी एक्सला जावं लागतं आणि हे दोन्हीकडच्यांना नीट माहीत असतं. चित्रकार सेझान इथलाच. गावापलीकडचा १,०११ मीटर उंचीचा सँत-व्हिक्तवार डोंगर त्यानं पुन्हा पुन्हा रंगवला. १९०६ मध्ये बाहेर चित्र काढताना वादळी पावसात सापडला आणि काही दिवसांतच न्यूमोनियानं गेला.

त्या पावसाबद्दल थोडं. मार्सेयमध्ये वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकून सोलापूर-सांगलीकडची आठवण येईल, पण कॅलेंडर उलटं आहे. आपल्याला जून-जुलै म्हणजे पाऊस. तिथे तेच महिने कोरडे ठणठणीत, डोंगरांवर वणवे लागायचे दिवस. पाऊस येतो तो सप्टेंबरनंतर, आणि आला की एकेका दिवसात महिन्याचा कोटा पाडून जातो. म्हणजे पिकाला ऊन भरपूर असतं तेव्हाच पाणी नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

दुसरी गोष्ट वारा. मिस्त्राल. आल्प्स आणि मध्य फ्रान्सचं पठार यांच्या मधल्या ऱ्होनच्या खोऱ्यातून थंड हवा नळीतून सुटावी तशी उत्तरेकडून खाली येते. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाते, आणि एकदा सुरू झाला की कधी कधी दिवसच्या दिवस थांबत नाही. जुन्या शेतघरांची उत्तरेकडची भिंत बिनखिडक्यांची असते. शेतांच्या कडेला सुरूसारख्या सायप्रसच्या रांगा असतात, पूर्व-पश्चिम लावलेल्या, वारा अडवायला. चर्चच्या घंटा भिंतीच्या मनोऱ्यात न ठेवता लोखंडी पिंजऱ्यात टांगतात, म्हणजे वारा आरपार जातो. व्हॅन गॉग इझल जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा. पण हाच वारा ढग हाकलून देतो आणि ते निळंशार आकाश देतो ज्यासाठी चित्रकार तिथे धावले. शिव्या आणि कौतुक दोन्ही एकाच पत्त्यावर.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आर्ल आणि सालों या गावांच्या मध्ये क्रो नावाचं माळरान आहे. जिथे बघाल तिथे गोटे. प्राचीन ग्रीकांना प्रश्न पडला की एवढे गोल दगड आले कुठून, तर त्यांनी कथा रचली की हेराक्लीस लढताना निःशस्त्र झाला तेव्हा झ्यूसनं त्याच्यासाठी आकाशातून दगडांचा पाऊस पाडला. खरं उत्तर कथेइतकंच भारी आहे. द्युरान्स नावाची आल्प्सची नदी आज आव्हिन्योंजवळ ऱ्होनला मिळते. पण हजारो वर्षांपूर्वी ती लामानोंच्या खिंडीतून थेट समुद्राकडे जायची. मग तिनं रस्ता बदलला आणि मागे राहिलं तिचं पात्र, दगडांसकट. क्रो म्हणजे नदीनं सोडून दिलेलं अंथरूण.

१५५० च्या दशकात सालोंच्या आदाम द क्रापोन नावाच्या इंजिनियरनं ठरवलं की द्युरान्सचं पाणी कालव्यानं परत आणायचं, त्याच लामानोंच्या खिंडीतून. पैसे कुठून आणले? गुंतवणूकदारांत एक नाव होतं नॉस्त्रादामुस. हो, तोच, व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी ज्याची भविष्यवाणी फिरते तो. सालोंला राहायचा. त्याच्या सगळ्या भाकितांपेक्षा मला त्याची ही एक गुंतवणूक जास्त पटते, कारण तो कालवा आजही वाहतोय.

द्युरान्सचं पाणी गढूळ. शेतात सोडलं की वर्षानुवर्षं गाळाचा थर दगडांवर बसत गेला आणि माळावर हिरवी कुरणं झाली. तिथल्या वाळलेल्या चाऱ्याला, क्रोच्या गवताला, १९९७ पासून वाइनसारखं सरकारी नामांकन आहे. गवताला! पाणी देण्याची पद्धत मात्र जुनीच: दार उघडायचं आणि अख्खं शेत भिजवायचं. आपलं पाटपाणीच.

कुठलाही शहाणा माणूस म्हणेल की ही उधळपट्टी आहे, ठिबक करा. पण पाटाचं जास्तीचं पाणी दगडांमधून खाली झिरपतं आणि क्रोच्या खालचा भूजलसाठा भरतो. त्या साठ्यात येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा पावसाचा नाहीच, या 'वाया' गेलेल्या पाण्याचा आहे. आजूबाजूची गावं आणि कारखाने त्याच साठ्यातून पाणी उपसतात. म्हणजे शेतकऱ्यानं पाणी वाचवलं तर गावाची विहीर आटते. कुठल्या एका आकड्याला 'वेस्टेज' म्हणायचं हे ठरवण्याआधी ते पुढे कोण वापरतंय ते बघायला लागतं.

मार्सेयची तहान ही वेगळी कथा. शहराजवळ मोठी नदी नाही, उन्हाळा कोरडा, विहिरी घाण. १८३४-३५ मध्ये कॉलऱ्यानं आणि दुष्काळानं शहराला एकदमच गाठलं. महापौर होता माक्सिमँ कोंसोला. त्यानं ठरवलं की द्युरान्सचं पाणी शहरात आणायचं, खर्च काहीही होवो. तरुण इंजिनियर फ्रांझ मायोर द मोंरिशेनं १८३९ मध्ये काम सुरू केलं. बोगदे, पूल मिळून सुमारे ८० किलोमीटर. वाटेत आर्क नदीची दरी ओलांडायला रोकफाव्हूरचा जलसेतू बांधला, ८३ मीटर उंच, तीन मजली कमानी. रोमन लोकांचा प्रसिद्ध पाँ द्यु गार साधारण ४९ मीटरचा आहे. १८४९ मध्ये पाणी शहरात पोचलं. ते जिथे पोचतं तिथे १८६९ मध्ये लोंशां नावाचा एक राजवाडाच उभारला, मधोमध धबधबा. नळाला पाणी आलं म्हणून राजवाडा! टँकरची वाट बघितलेल्या माणसाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

पण बंदर असण्याची किंमत मार्सेयनं त्याआधीच मोजली होती. २५ मे १७२० ला ग्राँ-सँ-आंत्वान नावाचं जहाज पूर्वेकडून कापड आणि कापूस घेऊन आलं. प्रवासात अनेक जण मेले होते, जहाजावरचा शस्त्रक्रिया करणारा वैद्यसुद्धा. मार्सेयची क्वारंटाइन व्यवस्था तेव्हा युरोपातल्या उत्तम व्यवस्थांपैकी होती. संशयित जहाजानं दूरच्या बेटावर थांबायचं, माल उघड्यावर वाळवायचा, दिवस मोजायचे. नियम स्पष्ट होते. पण जुलैत बोकेरची मोठी जत्रा होती आणि माल वेळेत पोचायला हवा होता. मालात वाटा असलेल्यांपैकी एक होता शहराचाच पहिला नगरसेवक, एस्तेल. माल शहरालगतच्या इस्पितळ-गोदामात उतरवला गेला आणि तिथून कापड चोरून बाहेर गेलं. जूनमध्ये जुन्या वस्तीच्या बोळात पहिले मृत्यू झाले. अधिकारी बराच काळ 'साधा ताप' म्हणत राहिले, कारण प्लेग म्हटलं की व्यापार बंद. ऑगस्टमध्ये दिवसाला हजारापर्यंत माणसं मरत होती. प्रेतं उचलायला कोणी उरलं नाही, तेव्हा शेवालिए रोझ नावाच्या अधिकाऱ्यानं कैद्यांच्या टोळ्या घेऊन ला तूरेतच्या मैदानातली कुजलेली प्रेतं हटवली. साधारण ९० हजारांच्या शहरातली निम्मी माणसं गेली. वरच्या बाजूला प्लेग पसरू नये म्हणून दगडी भिंत बांधली, तिचे तुकडे शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये अजून दिसतात. शिक्षा कोणाला? जहाजाचा कप्तान शातो तुरुंगात गेला. एस्तेल निर्दोष सुटला, वर सरदारकी मिळाली. २०२० बघितलेल्या आपल्या पिढीला यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मार्सेय पूर्वेचा दरवाजा झालं. मुंबईहून निघालेले कितीतरी प्रवासी इथे उतरून आगगाडीनं इंग्लंडच्या दिशेनं जात. जुन्या बंदरात मोठ्या आगबोटी मावेनात, म्हणून उत्तरेला जोलिएतपासून नवे धक्के आधीच बांधले होते. ८ जुलै १९१० ची 'मोरिया' बोट याच काळातली. लंडनहून मुंबईला खटल्यासाठी नेले जाणारे सावरकर गवाक्षातून निसटले, पोहून धक्क्याला लागले, आणि एका फ्रेंच शिपायानं त्यांना धरून ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली केलं. पुढचा भाग आपण कमी सांगतो. फ्रेंच जमिनीवर आलेल्या राजकीय कैद्याला असं परत देता येतं का, यावरून फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये वाद पेटला. कार्ल मार्क्सचा नातू ज्यां लोंगे यानं फ्रेंच वर्तमानपत्रात ही बाजू लावून धरली. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला: कैद्याला सोपवण्यात अनियमितता झाली, पण परत देण्याचं ब्रिटनवर बंधन नाही. तोवर मुंबईत दोन जन्मठेपा सुनावूनही झाल्या होत्या.

चार वर्षांनी, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस, त्याच बंदरात हिंदी सैनिकांची लाहोर डिव्हिजन उतरली. पहिल्या महायुद्धासाठी. मार्सेयच्या माझार्ग भागात त्यांचं स्मारक आहे. ११ सप्टेंबर १९३१ ला गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी इथेच उतरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताची वकिलातही तिथे उघडली.

शेवटी परत नदीकडे, कामार्गला. ऱ्होनच्या दोन फाट्यांमधला त्रिकोण. गुलाबी फ्लेमिंगो, पांढरे घोडे, रीलवर दिसतं ते सगळं इथलं. पण हा निसर्ग बांधबंदिस्तीतला आहे. १८४० आणि १८५६ च्या महापुरांनंतर नदीला बांध घातले, मग समुद्राकडूनही बांध घातला. पूर थांबले आणि नवा गाळही थांबला. खालून खारं पाणी वर यायला लागलं, जमीन खार झाली. त्यावर उपाय म्हणजे नदीचं गोडं पाणी पंपानं आणून शेतात उभं करायचं, म्हणजे मीठ खाली दबून राहतं. उभं पाणी कुठल्या पिकाला चालतं? भाताला.

फ्रान्सचा तांदूळ म्हणून आज जो विकतात त्याच्यामागे एक लपलेली गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला फ्रान्सनं आजच्या व्हिएतनाममधून सुमारे २० हजार माणसं कारखान्यांत राबायला आणली, बहुतेकांना जबरदस्तीनं. फ्रान्स पडला, माणसं छावण्यांत अडकली. त्यातल्या काहींना १९४१ नंतर कामार्गला भात लावायला पाठवलं. भातशेती त्यांना घरची माहीत होती, आणि तिथल्या खार जमिनीत पीक उभं राहिलं. त्यांचं स्मारक सालँ-द-जिरो गावात झालं ते २०१४ मध्ये.

आता समुद्र वर येतोय आणि ऱ्होनवर धरणं झाल्यामुळे गाळ कमी येतोय. सँत-मारी-द-ला-मेर हे गाव मध्ययुगात समुद्रापासून बरंच आत होतं, आज त्याच्या चर्चपासून किनारा चालत काही मिनिटांवर आहे. सालँ-द-जिरोजवळची हजारो हेक्टर जुनी मिठागरं सरकारी किनारा-संवर्धन संस्थेनं विकत घेतली आणि तिथला समुद्राकडचा बांध दुरुस्त करायचा नाही असं ठरवलं. समुद्राला आत येऊ द्यायचं. पर्यावरणवाले म्हणतात, दलदल जिवंत राहील आणि लाटांचा जोर मोडेल. गावातले बरेच जण म्हणतात, आधी मिठागर गेलं, मग बांध, पुढे आमचा नंबर. त्या फुटक्या बांधातून सध्या समुद्राचं पाणी आत-बाहेर करतंय आणि फ्लेमिंगो तिथेच चरतायत.